ढगांवर सत्ता कोणाची? बारामतीच्या आकाशातला अकरा पावसाळ्यांचा प्रयोग

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला सांगावा लागत नाही. खडी फोडण्याची कामे, सुकडी, ओस पडलेली गावे यांच्या आठवणी अजूनही निघतात. या दुष्काळानंतरच्याच पावसाळ्यात, म्हणजे १९७३ मध्ये, बारामती परिसराच्या आकाशात एक डाकोटा विमान फिरू लागले. ते ढगांत शिरे आणि मिठाची बारीक भुकटी सोडत जाई. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) हाती घेतलेला हा प्रयोग होता. १९७३, १९७४, १९७६ आणि पुढे १९७९ ते १९८६ अशा अकरा पावसाळ्यांत तो चालला. एवढी वर्षे चिकाटीने चाललेला कृत्रिम पावसाचा प्रयोग जगातही क्वचितच सापडेल.

आज हा प्रयोग आठवण्याचे कारण वेगळे आहे. पृथ्वीचे तापमान वाढते आहे, आणि ते कमी करण्यासाठी सबंध पृथ्वीच्या हवामानातच हस्तक्षेप करावा काय, यावर जगभर वाद चालू आहे. याला भू-अभियांत्रिकी किंवा जिओइंजिनिअरिंग म्हणतात. असा हस्तक्षेप करायचा तर परवानगी कोणी द्यायची? नुकसान झाले तर जबाबदार कोण? हे प्रश्न नवे वाटतात, पण त्यांचे लहान रूप बारामतीच्या आकाशात पन्नास वर्षांपूर्वीच दिसले होते.

पाटाचे पाणी आणि ढगाचे पाणी

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर आपला भार उतरवतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या बारामतीला जेमतेम पाचशे. ढग इथेही येतात, पण पुष्कळदा न बरसताच पुढे जातात.

यावर इंग्रजी अमदानीत काढलेला उपाय म्हणजे नीरा डावा कालवा. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर तो झाला. भाटघर धरणाचे पाणी या कालव्यातून बारामती-इंदापूरपर्यंत येऊ लागले आणि एकाच तालुक्याचे दोन भाग पडले. कालव्याखालचा भाग बागायत झाला, वरचा जिरायत राहिला. एकीकडे ऊस, दुसरीकडे बाजरी. पाणी किती सोडायचे, कोणाची पाळी आधी, शेवटच्या टोकाला पाणी का पोहोचत नाही, ही भांडणे तेव्हापासून चालत आली आहेत. मात्र भांडायला निदान जागा आहे. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा होता, त्याच्या जागी १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे कायदा आला. पाटकरी आहे, कालवा अधिकारी आहे, पाळीपत्रक आहे.

ढगाला पाटकरी नसतो. आपल्या राज्यघटनेत ‘पाणी’ हा विषय राज्यसूचीत (नोंद १७) आहे, आणि ‘हवामानशास्त्रीय संस्था’ हा केंद्रसूचीत (नोंद ६८). जमिनीवर पडलेले पाणी राज्याचे, हवामानाचा अभ्यास केंद्राचा. पण अजून न पडलेले, वाऱ्याबरोबर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात चाललेले पाणी कोणाचे? घटनाकारांपुढे हा प्रश्न आला नव्हता, कारण तेव्हा ढगाला कोणी हात लावू शकेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

मिठाने पाऊस कसा पडेल?

ढगातला एकेक थेंब इतका बारीक असतो, की तसे सुमारे दहा लाख एकत्र आले तर पावसाचा एक थेंब तयार होतो. हे सूक्ष्म थेंब सारख्याच आकाराचे असले तर सारख्याच वेगाने तरंगत राहतात आणि एकमेकांवर आदळत नाहीत. त्यांत काही मोठे थेंब असले, तर ते वेगाने खाली येताना वाटेतल्या लहान थेंबांना पोटात घेतात, वाढत जातात, आणि पाऊस होतो.

मीठ ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते हे आपण पाहतोच. सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढे मिठाचे कण ढगात सोडले तर त्यांच्याभोवती मोठे थेंब लवकर तयार होतात. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मिठात थोडी शंखजिऱ्याची पूड मिसळत. ज्या ढगांचे तापमान शून्य अंशाच्या वर असते अशा ‘उष्ण’ ढगांसाठी ही रीत आहे. सिल्व्हर आयोडाइड वापरतात ते गोठणबिंदूखालच्या ‘शीत’ ढगांसाठी.

या ज्ञानाची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. नोव्हेंबर १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर याने विमानातून ढगात शुष्क बर्फ टाकून हिमकण पाडले. लगोलग बर्नार्ड व्हॉनेगट याने सिल्व्हर आयोडाइडचा गुण शोधला. भारतात १९५१ मध्ये टाटा उद्योगाने पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला. १९५५ मध्ये दिल्लीला राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत मेघ आणि पर्जन्य यांच्या अभ्यासासाठी एक विभाग निघाला. त्याने दिल्ली, आग्रा, जयपूर इथे जमिनीवरून मिठाचे फवारे सोडण्याचे प्रयोग केले. १९६७ मध्ये हा विभाग पुण्याच्या संस्थेत आला. बारामतीच्या प्रयोगाची पूर्वतयारी ही अशी झाली.

१९६७ : एक गुप्त प्रयोग

त्याच १९६७ साली भारताच्या आकाशात आणखी एक प्रयोग झाला, आणि त्याची वार्ता जनतेला लागू दिली गेली नाही. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेश तेव्हा दुष्काळात होरपळत होते. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रशासनाने तिथे कृत्रिम पाऊस पाडून देण्याची तयारी दाखवली आणि भारत सरकारने संमती दिली. अमेरिकी नौदलाच्या संशोधन केंद्रातले तज्ज्ञ आले, लष्करी विमान आले. या मोहिमेचे सांकेतिक नाव ‘ग्रोमेट’ होते. ऐन हिवाळ्यात आकाशात योग्य ढगच थोडे असल्याने फारसे काही साधले नाही. पुढे सरकारी कागदपत्रे खुली झाल्यावर इतिहासकारांनी ही हकीगत बाहेर आणली.

ते तंत्र तेव्हा युद्धासाठीही तयार होत होते. मार्च १९६७ पासून जुलै १९७२ पर्यंत अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात शत्रूचे रस्ते चिखलात जावेत म्हणून ढगांवर रसायने सोडली. ‘पॉपाय’ या नावाच्या या मोहिमेत अडीच हजारांहून अधिक उड्डाणे झाली. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघडकीला आणले आणि मोठा गदारोळ उठला. त्यातूनच, पर्यावरणात फेरफार करण्याच्या तंत्रांचा लष्करी वापर करू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९७६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारला. ऑक्टोबर १९७८ मध्ये तो अमलात आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतही त्यात सामील झाला. मात्र शांततेच्या कामासाठी असे फेरफार कोणी, कसे करावेत याबद्दल तो करार जवळजवळ काहीच बंधन घालत नाही.

थोडक्यात, एकच मीठ, एकच विमान. पण ते दुष्काळासाठी वापरले, युद्धासाठी वापरले की ज्ञानासाठी वापरले, यावर सारे अवलंबून असते.

नाणेफेकीचा प्रामाणिकपणा

मीठ टाकले आणि पाऊस पडला, तर तो मिठामुळे पडला हे कशावरून? कदाचित तो पडणारच होता. कृत्रिम पावसाच्या सगळ्या वादांचे मूळ या एका प्रश्नात आहे.

बारामतीच्या शास्त्रज्ञांनी काय केले पाहू या. प्रयोगाचे क्षेत्र सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर होते. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके एकत्र केले तरी एवढे होत नाहीत. या क्षेत्राचे तीन पट्टे पाडले : एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा आणि त्यांच्यामध्ये एक तटस्थ पट्टा. मीठ टाकायच्या दिवशी ते उत्तरेच्या पट्ट्यावर टाकायचे की दक्षिणेच्या, हे यदृच्छेने, म्हणजे नाणेफेकीसारख्या पद्धतीने ठरे. ज्या पट्ट्यात मीठ टाकले नाही त्याच्याशी तुलना होई. मधल्या पट्ट्याचे काम एवढेच, की इकडचे मीठ वाऱ्याने तिकडे जाऊन तुलना बिघडू नये. कालच्या दिवशी जो पट्टा तुलनेसाठी होता, तो उद्या प्रयोगासाठी येऊ शके. त्यामुळे एखाद्या पट्ट्यात मुळातच पाऊस जास्त पडत असला तरी निष्कर्षात खोट येत नसे.

अकरा पावसाळ्यांच्या नोंदी एकत्र केल्यावर निष्कर्ष निघाला : पावसात २४ टक्के वाढ, सार्थकतेची पातळी ४ टक्के. याचा अर्थ असा, की मिठाचा काहीच परिणाम नसता, तर केवळ योगायोगाने एवढा मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार इतकीच होती.

निष्कर्षाचा दुसरा भाग मात्र लोकांपर्यंत फारसा पोहोचला नाही. ज्या ढगांची जाडी एक किलोमीटरहून अधिक होती आणि ज्यांत दर घनमीटरला अर्ध्या ग्रॅमहून अधिक पाणी होते, त्यांतच मिठाचा उपयोग झाला. त्याहून पातळ आणि कोरड्या ढगांवर मीठ टाकले तेव्हा ढग विरून जाण्याकडे कल दिसला. अर्धा ग्रॅम म्हणजे किती? आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गात १४४ घनमीटर हवा मावते. तो वर्ग ढगाने भरला तर त्यात ७२ ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटीच पाणी निघेल. एवढ्यावर सारा डोलारा.

म्हणजे ज्या हाताने पाऊस वाढतो त्याच हाताने तो घालवताही येतो. मग ढगाची पारख करायची कोणी, आणि ती चुकली तर जाब कोणाला विचारायचा?

आणखी एक गोष्ट. नाणेफेक म्हणजे न्याय वाटतो, आणि ज्ञानाच्या दृष्टीने तो आहेच. पण ज्या दिवशी नाणे दक्षिणेच्या बाजूने पडले, त्या दिवशी उत्तरेच्या पट्ट्यातला जिरायत शेतकरीही आभाळाकडेच डोळे लावून बसला होता. त्याच्या डोक्यावरच्या ढगाबद्दलचा निर्णय त्याच्या माघारी झाला. त्या काळी कुठेच असे विचारण्याची पद्धत नव्हती, तेव्हा दोष देण्याचे कारण नाही. आज मात्र औषधाची चाचणी रुग्णाच्या संमतीशिवाय होत नाही. हवामानाच्या चाचणीसाठी संमती कोणाची घ्यायची, हे अजून ठरलेले नाही.

प्रयोगाचे झाले कंत्राट

१९८६ नंतर प्रयोग थांबला, पण ‘बारामतीला २४ टक्के पाऊस वाढला’ हे वाक्य उरले. त्यामागची नाणेफेक, जाड ढगाची अट आणि अकरा वर्षे मात्र गळून पडली.

२००३ मध्ये अवर्षण पडले तेव्हा राज्य सरकारने अमेरिकी कंपनीच्या मदतीने ढगांवर फवारणी करून घेतली. २०१५ मध्ये मराठवाड्यासाठी पुन्हा तेच झाले. २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मराठवाडा आणि विदर्भासाठी ३० कोटी रुपये मंजूर केले. या मोहिमा संशोधनासाठी नव्हत्या, दिलासा देण्यासाठी होत्या. दिलासा द्यायचा म्हटल्यावर तुलनेसाठी एखादा तालुका बाजूला ठेवणे कोणत्याच मंत्र्याला परवडणारे नाही! त्यामुळे पाऊस पडला तर श्रेय घेता येते, न पडला तर ढग नव्हते असे सांगता येते, आणि ज्ञानात भर पडत नाही.

यातली मोठी अडचण अशी, की दुष्काळ पडतो तो मुळात चांगले ढग नसल्यामुळे. कृत्रिम पाऊस म्हणजे आहे त्या ढगातून थोडे जास्त पाणी काढणे. ढग नसेल तर मीठ काय करणार? तंत्राची मागणी सर्वांत जास्त असते तेव्हाच ते सर्वांत कमी उपयोगी पडते.

आयआयटीएमने हे काम पुन्हा शास्त्रीय पद्धतीने केले ते सोलापूरला, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत. २७६ ढग निवडले. त्यांतल्या कोणत्या ढगात फवारणी करायची हे पुन्हा यदृच्छेनेच ठरले. शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. जादा पाणी ८६.७ कोटी लिटर आणि खर्च लिटरला १८ पैसे, असा हिशेब संशोधकांनी दिला. विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. ८६.७ कोटी लिटर शंभर चौरस किलोमीटरवर पसरले तर साडेआठ मिलिमीटरहून थोडे जास्त, म्हणजे एका बऱ्या सरीएवढे पाणी होते. आणि १८ पैशांच्या दराने दहा हजार लिटरचा टँकर १,८०० रुपयांना पडतो. शिवाय हे पाणी आपल्याच तळ्यात पडेल याची हमी नाही. ते महाग की स्वस्त, हे शास्त्रज्ञाने सांगायचे नसून ज्यांचा पैसा आणि ज्यांची शेते आहेत त्यांनी ठरवायचे आहे. पण ठरवण्यासाठी आकडे समोर हवेत. अमेरिकेत १९७१ च्या कायद्यानुसार हवामान बदलण्याचा प्रत्येक उद्योग सरकारला कळवावा लागतो. आपल्याकडे विमान उडवायला परवानग्या लागतात, ढगांसाठी मात्र स्वतंत्र कायदा नाही.

जिथे मधला पट्टाच नाही

आता बारामतीचे आकाश सोडून सबंध पृथ्वीकडे वळू. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीडदोन कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात फेकला. त्याच्या बारीक कणांनी सूर्यप्रकाश परतवला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हेच काम विमानांनी मुद्दाम करावे ही भू-अभियांत्रिकीतली सर्वांत चर्चेतली कल्पना आहे. २००६ मध्ये नोबेल पारितोषिक विजेते पॉल क्रुट्झेन यांनी तिच्यावर संशोधन व्हावे असे लिहिले, तेव्हापासून ती गांभीर्याने घेतली जाऊ लागली.

पण पिनाटुबोनंतर जगाच्या जमिनीवरचा पाऊसही घटला होता. संगणकीय प्रतिमाने सांगतात, की असे कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशात दुष्काळ पडू शकतो. भारताचा सारा संसार मान्सूनवर. आपल्या पावसाचे काय होईल हे न विचारता दुसऱ्या कोणी देशाने असा उद्योग सुरू केला तर?

बारामतीला तीन पट्टे होते. पृथ्वीला एकच आहे. तुलनेसाठी दुसरी पृथ्वी नाही, मध्ये तटस्थ पट्टा नाही, आणि नाणे टाकून अकरा वर्षे थांबण्याची सोय नाही. म्हणून इथे ‘परिणाम होतो का’ या प्रश्नाआधी ‘ठरवणार कोण’ हा प्रश्न येतो.

या प्रश्नाची झळ भारतीय शास्त्रज्ञांना लागलेली आहे. २००९ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन संस्थेबरोबर दक्षिण महासागरात ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. समुद्रात लोहक्षार टाकले तर सूक्ष्म वनस्पती वाढतील आणि हवेतला कार्बन घेऊन तळाशी जातील, अशी ही कल्पना. प्रयोगाचे क्षेत्र होते अवघे ३०० चौरस किलोमीटर. जहाज निघाल्यावर पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला, कारण २००८ मध्येच जैवविविधता कराराच्या देशांनी अशा प्रयोगांवर मर्यादा घालायचे ठरवले होते. जर्मनीच्या संशोधन मंत्रालयाने प्रयोग रोखला आणि पुनर्तपासणीनंतर परवानगी दिली. वनस्पती वाढल्या, पण त्या बारीक जलचरांनी खाऊन टाकल्या आणि कार्बन फारसा तळाला गेलाच नाही. वादामुळे विज्ञान थांबले नाही, उलट हिशेब उघड्यावर झाला.

त्यानंतरही नियम तुटपुंजेच आहेत. २०१० मध्ये जैवविविधता कराराच्या देशांनी नागोया इथे संयमाचे आवाहन केले, पण ते बंधनकारक नाही. २०१९ आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत ठराव आले, पण एकमत झाले नाही. स्वीडनमध्ये २०२१ साली एका अमेरिकी विद्यापीठाला फुग्यातून करायची साधी उपकरण-चाचणीही तिथल्या सामी आदिवासींच्या विरोधामुळे सोडून द्यावी लागली.

या सगळ्यातून बारामतीने शिकवलेल्या तीन गोष्टी उरतात : प्रयोग उघडपणे करावा, तुलनेची पद्धत आधी जाहीर करावी, आणि प्रतिकूल निष्कर्षही तितक्याच ठळकपणे छापावा. चौथी गोष्ट बारामतीत राहून गेली. ज्यांच्या डोक्यावर तो ढग आहे त्यांना विचारावे.

वर्गात करून पाहा

शाळेत पर्जन्यमापक असेल तर एका पावसाळ्याच्या रोजच्या नोंदी घ्या. नसेल तर तालुक्याच्या नोंदी मिळवा. प्रत्येक दिवसासाठी विद्यार्थ्यांना नाणे उडवायला सांगा. छाप पडला तर ‘मीठ टाकले’, काटा पडला तर ‘टाकले नाही’, असे त्या दिवसापुढे लिहावे. मग दोन्ही गटांची सरासरी काढावी. मीठ कोणीच टाकलेले नाही, तरी दोन सरासऱ्यांत फरक निघेल. कधी दहा टक्के, कधी त्याहूनही बराच मोठा. दुसऱ्या गटाने पुन्हा नाणी उडवली तर तो फरक उलटाही होऊ शकेल. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडा आणि मुलांना विचारा : एका पावसाळ्यानंतर कोणी येऊन ‘आम्ही पाऊस वीस टक्के वाढवला’ असे म्हणाला, तर त्याला तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?

मुलांनी काढलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवावेत. पुढच्या दुष्काळात ते उपयोगी पडतील.